सील कुणाच्या हातचं

पन्नाशीला टेकलेली ती बाई आज मला भेटली, तर मी तिला आधी त्या फिरत्या खुर्चीवरून उठवीन. वारज्याला बायपासच्या सर्व्हिस रोडलगत पत्र्याची शेड, शेडमध्ये खड्डा, खड्ड्यावर ट्रक, जिकडेतिकडे काळं तेल, आणि या सगळ्याच्या मधोमध ही बाई इस्त्रीची सुती साडी नेसून बसलेली. समोर टेबल. टेबलावर पाटी, ‘व्यवस्थापक’. पाटी तिने स्वतःच करून घेतली होती. गॅरेजात माणसं एकंदर दोन, ती आणि तिचा नवरा. ती कुणाचं व्यवस्थापन करत होती ते विचारू नका.

ती बाई मीच. मी एका कंपनीत टायपिस्ट होते. कंपनीत संगणक आले तेव्हा साहेबांनी आम्हा बायकांना बोलावून विचारलं, शिकणार का? मी मान ताठ करून म्हटलं, “मी चाळीस शब्दांची परीक्षा पास आहे. मी खेळणी फिरवणार नाही.” साहेब म्हणाले, “बरं.” इतक्या पटकन बरं म्हणाले की तिथेच मला कळायला हवं होतं. नाही कळलं. स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे आला त्यावरही मी झोकदार इंग्रजी सही केली, जणू मीच कंपनीला काढून टाकत होते.

आमचे हे लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. वर्दीतले नव्हेत, सिव्हिलियन. तिथून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही शेड घेतली आणि मी घरी कर्वेनगरच्या दोन खोल्यांत भांडी आदळत बसण्यापेक्षा इथे येऊन बसले. कामाला तोटा नव्हता. तिकडे हिंजवडीला आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांत काम करणाऱ्या पोरांसाठी इकडे आमच्या मागच्या टेकड्या कापून सोसायट्या. टेकडीवर नळ नाही, रस्ता नाही, नुसता मुरूम. तिथे पाण्याचा टँकर चढवायचा तर साधा ट्रक उपयोगाचा नाही. साध्या ट्रकची ताकद मागच्या चाकांना. म्हणून कंत्राटदार लष्कराने लिलावात काढलेले जुने ट्रक घ्यायचे. त्यांना सगळे ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणत. या गाड्यांची पुढची चाकंही ओढतात. त्यासाठी पुढच्या आसाच्या मध्ये घागरीएवढा एक लोखंडी गोळा असतो, तेच पुढचं डिफरन्शियल. आत दातेरी चाकं आणि नव्वद नंबरचं दाट तेल. त्या तेलाला सडक्या कांद्यासारखा वास येतो. पहिल्या महिन्यात मी नाकाला रुमाल लावायची. पुढे त्याच हाताने पोळी खाऊ लागले.

इंजिनाकडून येणारा दांडा ज्या तोंडातून या गोळ्यात शिरतो, तिथे एक सील असतं. लोखंडी कडं, आणि त्याच्या आत ओठासारखी रबरी कडा. दांडा फिरतो, ओठ त्याला बिलगून असतो, तेल आत राहतं. एवढंच. पण हे सील बसवताना हातोडीचा टोला एका बाजूला जड पडला की कडं तिरकं जातं, ओठ दुमडतो, आणि तेल गळायला लागतं. तेल संपलं की आतली चाकं घासून जाम होतात आणि चढावर भरल्या टँकरची पुढची चाकं जागच्या जागी आवळतात. टेकडीच्या पायथ्याशी मजुरांची पालं होती. हे नेहमी म्हणायचे, “मी सील नाही बसवत, त्या पालांवर छप्पर घालतो.” बोलणं थोडं भारी होतं, पण खोटं नव्हतं.

त्या रस्त्यावर एक रीत होती. बाकीची कामं कुणीही करावीत, सील मात्र मिस्त्रीनेच बसवायचं. ड्रायव्हर लोक खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून हातोडीकडे बघत. नजर अगदी पोरीच्या बापासारखी. सील गळलं तर ‘सील खराब निघालं’ असं कुणी म्हणायचं नाही. म्हणायचे, ‘हात गेला.’ एकदा हात गेला म्हटलं की त्या मिस्त्रीकडे गाडी जायची नाही. वाद नाही, भांडण नाही. लोक जाता-येता हात हलवून रामराम करायचे, आम्हाला जयभीम म्हणायचे, आणि पुढच्या गॅरेजात वळायचे.

आणि ह्यांचा हात जायला लागला होता.

सुरुवात अंगठ्यापासून झाली. हे टीव्हीपुढे बसले असले की उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट आपोआप एकमेकांवर फिरायचं, जणू अदृश्य नट बोल्टवर चढवतायत. मी म्हटलं, “अहो, घरी तरी गॅरेज बंद करा.” त्यांनी हात मांडीखाली घेतला. मला वाटलं, काय माझा दरारा! ही माझी अक्कल. पुढे चहा बशीत सांडायला लागला, सही बारीक-बारीक होत मुंगीएवढी झाली, तेव्हा मी त्यांना सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हातारे, बोलणं मोजकं. ह्यांना विचारलं, “कधीपासून होतंय?” मी म्हटलं, “दिवाळीच्या आधीपासून.” ह्यांना विचारलं, “झोप लागते?” मी म्हटलं, “लागते, पण कुशीवर वळायला त्रास होतो.” डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “आपण काय करता?”

“टायपिस्ट होते.”

“मग आधी त्यांना डिक्टेशन पुरं करू द्या.”

अशी गप्प बसण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात क्वचितच आली. डॉक्टरांनी ह्यांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, मग सांगितलं, “कंपवात आहे. गोळ्यांनी कमी राहील. जाणार नाही.” हे म्हणाले, “काम करताना हात हलत नाही, डॉक्टर.” ते खरं होतं. हातात पाना आला की थरथर थांबायची, म्हणून तर इतके दिवस लपलं. डॉक्टर म्हणाले, “हलत नसेल. पण हळूहळू जड होईल. जोर कुठे किती पडतोय ते तुम्हाला कळणार नाही.”

बाहेर आल्यावर हे एवढंच म्हणाले, “कुणाला बोलायचं नाही.” मुलालाही नाही. मुलगा नुकताच त्या काचेच्या इमारतींपैकी एकीत नोकरीला लागला होता. त्याचं एकच टुमणं असायचं, “आई, हे गॅरेज वगैरे आता प्रॅक्टिकल नाहीये. बाबांना रिलॅक्स होऊ दे ना.” रिलॅक्स म्हणजे टीव्हीपुढे बसून अदृश्य नट चढवणं, हे मला दिसत होतं. शेड बंद करायची म्हणजे नुसती शेड बंद होणार नव्हती. ज्याला सगळा रस्ता मिस्त्री म्हणतो, त्याला दुसऱ्या दिवशी कुणी काय म्हणायचं?

त्यानंतरच्या वर्षी, दसरा झाल्यावर, एका टँकरचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला. मुळशीकडचा माणूस, आमच्याच वयाचा, जिभेला हाड नसलेला. गाडी नुसती लखलखत होती. आमचा दसरा विहारात, पांढऱ्या कपड्यांत जातो, शेड बंद असते. बाकीचे लोक मात्र खंडेनवमीला हत्यारं आणि गाड्या पुजतात आणि त्याआधी गाड्यांना रंगरंगोटी करतात. झेंडूची सुकलेली माळ अजून बोनेटवर होती.

“मिस्त्री, फुडनं गळतंय बगा. चढावर चार फेऱ्या झाल्या की खाली थारोळं.”

ह्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली आणि सील बदललं. मी खुर्चीवर बसून पाहत होते. टोले नेहमीसारखे नव्हते. आधी ते असे पडायचे की डोळे मिटूनही मोजता यावेत. आता एक हलका, एक जड, मग थांबणं, मग पुन्हा. ड्रायव्हरही काठावर बसून पाहत होता. तो काही बोलला नाही. इतर वेळी त्याचं तोंड बंद करायला भजी द्यावी लागायची.

आठवड्याच्या आत तो परत आला. गळतंय.

ह्यांनी पुन्हा सील काढलं, नवं घातलं. या वेळी फार वेळ घेतला. घाम कपाळावरून डोळ्यात उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. काम संपल्यावर त्यांनी खाली कोरडं पुठ्ठ्याचं खोकं अंथरलं, गाडी संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली. पुठ्ठ्यावर थेंब नाही. ड्रायव्हर खुशीत गेला.

दोन-तीन दिवसांनी सकाळी टँकर पुन्हा शेडसमोर. ड्रायव्हरने उतरून दार आपटलं.

“मिस्त्री, एक इचारू का? नव्वद नंबर मी सरळ रस्त्यावरच वतू का? मधी गाडीला कशाला तरास?”

हे हसले नाहीत. मी खुर्चीवरून म्हटलं, “रस्त्यावर ओतलंत तर तुमचा वेळ वाचेल, आणि आमचा चहाही.” तो म्हणाला, “चा ऱ्हाऊ द्या वैनी. मालक म्हनतोय, दुसरीकडं दाकीव.” मग तो खाली बघत म्हणाला, “मीच म्हनलं, एक डाव आनखी बगू.”

हे खड्ड्यात उतरले नाहीत. उभे राहिले, आपल्या उजव्या हाताकडे पाहत. मग ड्रायव्हरला म्हणाले, “तू कोपऱ्यावरून चहा सांगून ये.” तो म्हणाला, “आत्ताच नगं म्हनलं की.” “मला हवाय,” हे म्हणाले. तो गेला. तो वळणाआड होताच हे माझ्याकडे वळले.

“उतर खाली.”

“मी?”

“पदर खोच आणि उतर. तो यायच्या आत बसवायचंय.”

आता त्या व्यवस्थापकबाईंचं काय सांगू! पहिला विचार आला तो साडीचा. दुसरा गजऱ्याचा. तिसऱ्याला मात्र मी खड्ड्यात होते. खालून ट्रक दिसतो तो भयंकर असतो. वर रंग, आरसे, लिंबू-मिरची, आणि खाली नुसती लोखंडाची आतडी. हे काठावर पालथे पडून सांगत होते. “आत बोट फिरव, कचरा नको. ओठाला ग्रीस लाव, लग्नात हळद लावतात तसं, थोपू नकोस. जुनं सील वर ठेव आणि त्याच्यावर मार. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. एका जागी दोनदा नाही.” मी मारलं. चाळीस शब्दांची बोटं होती माझी, सगळ्या बोटांचा जोर सारखा पडायची सवय. कडं सरळ आत गेलं. हे हात घालून चाचपून म्हणाले, “हं.”

ड्रायव्हर आला तेव्हा मी खुर्चीवर होते आणि हातावरचं काळं पदराखाली लपवत होते. त्या दिवशी घरी जाताना माझी चाल बघायला हवी होती. मुलाला वाढताना मी पोळीसुद्धा अशी टाकली जणू बेअरिंग बसवतेय. मनात म्हटलं, अगं बाई, तू तर मिस्त्रीण झालीस! शेजारी बसलेल्या माणसाचा घास तोंडापर्यंत जाताना दोनदा थांबला, तो मात्र मला दिसला नाही. दिसला असेल. मी पाहिला नसेल.

माझं मिस्त्रीणपण शनिवारपर्यंत टिकलं. शनिवारी दुपारी, ऐन उन्हात, टँकर टेकडीवरून सरळ आमच्या दारात येऊन थांबला. पुढच्या गोळ्यावर तेल चकाकत होतं आणि थेंब टपटप पडत होते. ड्रायव्हर उतरला, टायरवर बसला आणि त्याने तंबाखू मळायला घेतली. मला ते बोलण्याहून जास्त लागलं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आणि हे हसत होते! मी हळूच म्हटलं, “काय झालं?” ते माझ्या कानाशी म्हणाले, “माझ्या हातानं गळतं, तुझ्याही हातानं गळतं. मग हात कशाला मधे आणायचा?” इतक्या महिन्यांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मी मात्र भडकले होते. माझं सील गळतं म्हणजे काय?

ह्यांचा नियम असा की गाडी गार झाल्याशिवाय गोळ्याला हात लावायचा नाही. वर्कशॉपची शिस्त. त्या ड्रायव्हरलाही तो माहीत होता, म्हणून दर वेळी तो सकाळी, रात्रभर उभी राहिलेली गाडी घेऊन यायचा. त्या दिवशी मी शिस्त वगैरे काही बघितली नाही. पाना घेतला, खड्ड्यात उतरले आणि तेल किती उरलंय ते पाहायला भरणीचा बोल्ट फिरवला.

फुस्सकन आवाज झाला. आतून हवा आली आणि हवेबरोबर तेल. चष्म्यावर, नाकावर, गजऱ्यावर. मी किंचाळले. वरून ड्रायव्हर ओरडला, “वैनी, फुटलं का काय?”

हे धावत काठाशी आले. माझी चौकशी नाही, काही नाही. “आवाज आला? हवेचा? कसा आला? पुन्हा सांग!”

“आधी पुसायला द्या!”

“अगं कसा आला ते सांग!”

मी तोंडाने फुस्स करून दाखवलं. तो आवाज ऐकून आमचा हा माणूस मटकन खाली बसला आणि त्याने कपाळावर हात मारला. मग खड्ड्यात उतरला, मला बाजूला सारलं, आणि गोळ्याच्या वरच्या अंगाला बोटाने काहीतरी शोधायला लागला. तिथे टोपणाएवढी एक बारीक नळी असते, तिला भोक असतं. चढावर काम करून गोळा तापला की आतली हवा फुगते, ती त्या भोकातून बाहेर जाते. गोळ्याचं नाक म्हणा. ते भोक सापडेना. त्यावर चांदीच्या रंगाचा जाड, गुळगुळीत थर बसला होता.

ह्यांनी डोकं बाहेर काढून ड्रायव्हरला विचारलं, “इथे रंग कुणी मारला?”

“म्याच. दसऱ्याला. खालनं-वरनं सगळं चांदी मारली, तीन हात. पुजंला बसनारी गाडी, खालचं अंग काळं कशाला ठिवायचं?” मग जरा थांबून, “का वो?”

“नाक बुजवलंस गाडीचं. श्वास कुठून घेईल? सील फोडूनच घेईल.”

ड्रायव्हरच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. “आईच्यान! म्हंजी मी भक्ती केली आन् शिव्या तुमी खाल्ल्या?”

“गाडीची पूजा वरून करायची,” मी चष्मा पुसत म्हटलं. “देवाच्यासुद्धा नाकात कुणी शेंदूर कोंबत नाही.”

तारेने भोक मोकळं केलं, सील पुन्हा बदललं, आणि त्या टँकरची गळती तिथे संपली. पुढे कित्येक महिने तो ड्रायव्हर आल्यावर आधी गाडीखाली वाकून त्या नळीत फुंकर मारून दाखवायचा.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ज्या माणसाने उभा जन्म या गाड्यांची पोटं उघडण्यात घालवला, त्याला ती नळी आठवू नये? एरवी ती त्याने पहिल्या दिवशी तपासली असती. नाही तपासली, कारण थेंब दिसला की तो गाडीकडे पाहायच्या आधी आपल्या हाताकडे पाहायचा. ते आजारपण होतं खरं. अंगठ्याचं फिरणं त्यापुढे काहीच नव्हतं.

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले, आणि म्हणूनच आज ते आठवायला नको वाटतात. ह्यांनी ती हकिकत रस्त्यावरच्या एकूण एक ड्रायव्हरला सांगितली. घास सांडू नये म्हणून हाती धरलेला चमचा जेवताना बाजूला सारला. “डॉक्टरांना काय कळतं? त्यांनी माझ्या हाताची बोटं आपटून बघितली. सील बसवून बघितलं का?” पुढच्या तारखेला दवाखान्यात जायचं होतं, गेले नाहीत. मीही नेलं नाही. इतकंच नाही, मी मुलाला त्याच्या ऑफिसात फोन करून म्हटलं, “तुझ्या बाबांचं काही नाही रे, ते सगळं रंगामुळे होतं.” कोणता रंग, कुणाला लावलेला, मुलाला काही कळेना. त्याला आजाराचंच माहीत नव्हतं! मी बरं होण्याची बातमी आधी दिली. पलीकडून तो म्हणाला, “आई, तू बरी आहेस ना?”

मग एके दिवशी बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारी एक क्रेन आली. तीही डिस्पोजलच्याच ट्रकवर बांधलेली. पुढचं सील झिजून गेलं होतं, साधं काम. क्रेनचा ड्रायव्हर नवा होता. टँकरवाल्याने त्याला मुद्दाम आमच्याकडे धाडलं होतं आणि स्वतःही मजा बघायला येऊन बसला होता. “बग आता हात,” तो नव्याला सांगत होता. “गाडीच्या नाकातलं वळखणारा मानूस हाय.”

मी उठून खड्ड्याकडे गेले. म्हटलं, “अहो, मी उतरू का?” हळूच म्हटलं, पण ऐकू गेलं.

“तू बस तुझ्या खुर्चीवर, व्यवस्थापक.”

मी बसले. ह्यांनी आधी वरची नळी तपासली. फुंकर मारली, मोकळी होती. मग सील घेतलं. आता ते आधीसारखे घाबरून नव्हते, झोकात होते, बोलत होते, वर्कशॉपमधल्या कुठल्याशा मेजरची गोष्ट सांगत होते. टोले मी ऐकत होते. हलका, जड. हलका, हलका, जड. मी टेबलाची कड धरून ठेवली. वाटलं, आता उठून काहीतरी पाडावं, ओरडावं, पाय मुरगळल्याचं सोंग करावं. सोंगं मला चांगली यायची. पण कुणाचं लक्ष दुसरीकडे वळवून तिरकं गेलेलं कडं सरळ होत नाही.

तेल भरलं. गाडी वर्दळीत एक फेरी मारून आली. खड्ड्यावर घेतली आणि तिघेही खाली वाकले. मी वाकले नाही. थेंब पडल्याचा आवाज होत नाही म्हणतात. पुठ्ठ्यावर होतो.

टँकरवाला लगेच म्हणाला, “नाक बगा, नाक बुजलं आसंल.”

हे खड्ड्यात उतरले. नळीत फुंकर मारली. हवा सूं करून गेली, सगळ्यांना ऐकू आली. मग त्यांनी सगळं उलटं उलगडलं, दांडा सोडवला आणि सील काढून हातात घेतलं. ओठ एका बाजूला दुमडलेला होता. अंगठ्याने त्यांनी तो सरळ केला, सोडला, तो पुन्हा दुमडला. असं दोन-तीनदा केलं.

“मालच खराब येतोय हल्ली,” टँकरवाला म्हणाला. ज्या माणसाने कधी कुणाला सोडलं नाही, तो हे म्हणाला. क्रेनवाला त्याच्याकडे बघत राहिला. सील खराब निघालं असं या रस्त्यावर कुणी म्हणत नाही, हे त्यालाही माहीत असावं.

“माल चांगला आहे,” हे म्हणाले. वर आले. कापडाने हात पुसले, बोटं एकेक करून, जेवणाआधी पुसावीत तशी. “भाऊ, हात गेलाय माझा. आजार आहे. सील आता ही बसवेल.”

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. क्रेनवाला म्हणाला, “ह्या? ह्या बसवनार?”

त्यावर मी एखादं तरी वाक्य फेकायला हवं होतं. आयुष्यभर फेकली. मी गजरा काढून टेबलावर ठेवला आणि खाली उतरले. हे दिवा धरून काठावर बसले. उजेड लोखंडावर थरथरत होता. कडेची रेघ दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची. त्यांनीच विचारलं, “हलतोय का गं?”

“नाही हो.”

“हलतोय,” म्हणाले, आणि दिवा खालच्या खिळ्याला अडकवून बाजूला झाले. मग सगळं लख्ख दिसायला लागलं. मी सील ठेवलं, मारायला लागले. वरून टँकरवाल्याचा आवाज आला, फार हळू. त्याला असं हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

“मिस्त्री, मग आता तुमी काय करनार?”

“आता बोलणार. इतकी वर्षं हिने बोलू कुठे दिलं?”

तो हसला. क्रेनवाला हसला नाही. मी पुढचा टोला मारला.

क्रेन फेरी मारून आली. आम्ही सगळे वाकलो, मीसुद्धा. पुठ्ठा कोरडा होता. बराच वेळ पाहिलं, कोरडाच. टँकरवाल्याने मान डोलावली आणि क्रेनवाला म्हणाला, “बसलं बगा, वैनी.” हे माझ्या शेजारी वाकलेले होते, आणि मी त्या पुठ्ठ्याकडे बघत मनातल्या मनात म्हणत होते, गळ ना. माझ्याही हातानं एक थेंब तरी गळ.

नाही गळला.